.२२ पिस्तुलात राऊंड अडकतोय? स्लाइड खेचायच्या आधी हे बघा

"काका, परत अडकलं." पावसाळा लागला की आणि स्पर्धा तोंडावर आली की रेंजवर हे हमखास ऐकू येतं. पिस्तूल दरवेळी वेगळं, दुखणं बहुतेक तेच: मॅगझिनमधला पुढचा राऊंड (काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, नीट जात नाही. मी काही आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, नाही. क्लबची पिस्तुलं साफ करणं, मॅगझिन खोलून बघणं, नव्या पोरांना राऊंड भरायला शिकवणं, एवढंच माझं काम. पण हे एक दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की आता पिस्तूल हातात घ्यायच्या आधी मी एकच विचारतो: "अडकलं तेव्हा राऊंड कुठे होता?" बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांनी घाईघाईने स्लाइड (मागेपुढे सरकणारा भाग, पुढे त्यालाच बोल्ट म्हटलंय) खेचून तो राऊंड केव्हाच जमिनीवर उडवलेला असतो. म्हणजे पुरावाच फेकून दिलेला.

पुढचं सगळं .२२ लाँग रायफल काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांबद्दल आहे, २५ मीटरच्या स्पर्धांत वापरतात ती: पार्डिनी, वॉल्थर, हॅमरली, मोरिनी, फाइनवेर्कबाउ वगैरे. परवान्यावर .३२ बाळगणाऱ्यांनाही यातला बराचसा भाग लागू पडेल. त्या काडतुसाचीही रिम (बुडाची कड) किंचित बाहेर असते, त्यामुळे रिमची भानगड तिथेही होते.

हात लावायच्या आधी

नळी टार्गेटकडेच राहील आणि बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर. अडकलेलं पिस्तूल भरलेलंच समजायचं. ते तिरकं करून तोंडासमोर धरणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून हे लिहितोय. बघायचं ते बाजूने, इजेक्शन पोर्टमधून (झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते ती खिडकी). बघून झालं की आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे घेऊन अडकवा, चेंबर डोळ्यांनी तपासा आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी काडी) घाला. क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत ठेवून बोल्ट मागेपुढे केला तर एक राऊंड बाहेर पडतो आणि दुसरा आत जातो.

ट्रिगर दाबल्यावर नुसतं 'टक' झालं आणि बार उडाला नाही, तर निदान अर्धा मिनिट पिस्तूल तसंच टार्गेटकडे धरून थांबा. दारू कधीकधी उशिरा पेटते. आणि बार उडाला पण आवाज फुसका आला, तर त्या दिवसाचं शूटिंग संपलं. गोळी नळीतच राहिलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. हा फीडिंगचा, म्हणजे राऊंड चेंबरमध्ये जाण्याचा, दोष नाहीच. पिस्तूल रिकामं करा आणि सरळ आर्मररकडे द्या.

स्पर्धेत तर हात न लावणं हा नियमच आहे. राऊंड अडकला की पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. त्याने तपासायच्या आधी तुम्ही बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावलात, की तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत आणि न झाडलेले राऊंड शून्य मोजतात. मॅगझिन नीट बसलेलं नव्हतं असं निघालं तरी तेच. रॅपिड फायरमध्ये चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच राऊंड मारायचे असतात, त्यामुळे हात आपोआप बोल्टकडे जातो. ही सवय सरावातच मोडायला हवी. राही सरनोबतचं २०१८ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण बघून बऱ्याच मुली २५ मीटर पिस्तुलाकडे वळल्या. त्यांना मी पहिल्या दिवसापासून सांगतो: सरावातही अडकलं तर आधी हात वर.

लक्षणं: राऊंड कुठे अडकला?

गोळीचं नाक खाली, चेंबरच्या तोंडाखालच्या उतारावर टेकलंय आणि बोल्ट मागून ढकलतोय. याचा संशय मॅगझिनवर: स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवरची, राऊंड वर ढकलणारी पट्टी), किंवा मॅगझिन पूर्ण वर बसलेलं नाही.

गोळीचं नाक वर, जवळपास छताकडे. राऊंड मॅगझिनच्या ओठांतून (वरच्या वळवलेल्या कडांतून) वेळेआधी सुटला. ओठ फाकलेत, किंवा राऊंड भरतानाच तिरके बसलेत.

बोल्ट पुढे गेलाय, पण शेवटचे एकदोन मिलिमीटर बंद होत नाही. राऊंड चेंबरमध्ये शिरलाय, पुरता बसला नाहीये. घाण, मेणाचा थर, वाकडी गोळी, थकलेली रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे आणणारी), किंवा चेंबरच्या कडेला बसलेला मार.

बोल्ट पूर्ण बंद, पण आत राऊंडच नाही. बोल्ट राऊंडवरून सरकून गेला. मॅगझिन खाली राहिलंय, त्याची स्प्रिंग सुस्त आहे, किंवा बोल्ट पुरेसा मागेच गेला नव्हता.

रिकामी पुंगळी पोर्टमध्ये उभी अडकली आहे, किंवा चेंबरमध्ये जुनी पुंगळी आणि तिच्या मागे नवा राऊंड. बघणाऱ्याला हेही फीडिंगच वाटतं, पण नवा राऊंड बिचारा निर्दोष असतो. जुनी पुंगळीच वेळेवर बाहेर पडली नाही. असं असेल तर मॅगझिनवर वेळ न घालवता दारूगोळा, सफाई आणि एक्स्ट्रॅक्टरकडे (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारं नख) जा.

कितवा राऊंड अडकतो हेही लिहून ठेवा. पहिलाच अडकत असेल तर बऱ्याचदा बोल्ट हाताने हळूच पुढे सोडलेला असतो. नवे लोक पिस्तुलाला जपायच्या नादात असं करतात. बोल्ट पूर्ण मागे खेचून सोडून द्या, तो स्प्रिंगच्या जोरावर पुढे जायला बनवलाय. शेवटचा किंवा शेवटून दुसरा अडकत असेल तर मॅगझिन स्प्रिंग, कारण राऊंड कमी झाले की ती सैल होते आणि तिचा जोर घटतो. मधलाच कुठलातरी, कधी तिसरा कधी चौथा, असं असेल तर भरण्यात खोट शोधा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

मॅगझिन नीट बसलंय का? प्रश्न बावळट वाटतो, पण निम्मी कटकट इथेच मिटते. मॅगझिन आत सारल्यावर 'खट्' ऐकू आलं पाहिजे, आणि त्यानंतर खाली ओढून बघितलं तर ते हलता कामा नये. ज्या पिस्तुलांत मॅगझिन मुठीत जातं, उदाहरणार्थ जुनी हॅमरली २०८, तिथे लाकडी ग्रिपची कड मॅगझिनच्या तळाला घासतेय का ते बघा. हाताच्या मापाचं करायला ग्रिपला पुटी भरतात, घासतात, परत भरतात. त्या पुटीचा एक उंचवटा मॅगझिनला केसभर खाली धरून ठेवतो. डोळ्याला दिसत नाही. पेन्सिलीने मॅगझिनच्या कडेला रेघ मारा, आत घाला, काढा. रेघ जिथे पुसली जाईल तिथे घासतंय.

मॅगझिनांना नंबर द्या. तळावर रंगाच्या पेनने १, २, ३. जॅम झाला की कुठल्या नंबरचं होतं ते वहीत टाका. दोष मॅगझिनबरोबर फिरत असेल तर पिस्तूल खोलायचं कारणच नाही. दोन मॅगझिनांत दोष येतोय आणि दोन्हींत एकाच डब्यातले राऊंड आहेत, तर डबा बदला. दोन्ही बदलून तरी होतंय, मग पिस्तुलाकडे या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक एका दुपारी तेल, राऊंड, मॅगझिन सगळं बदलतात, जॅम थांबतो, आणि काय लागू पडलं ते कळत नाही. महिन्याभरात मंडळी पुन्हा हजर.

आता राऊंड भरण्याबद्दल, कारण .२२ मध्ये खरी ग्यानबाची मेख इथे आहे. .२२ च्या काडतुसाला मागे बाहेर आलेली रिम असते. मॅगझिनमध्ये वरच्या राऊंडची रिम खालच्या राऊंडच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे गेली तर बोल्ट वरचा राऊंड ढकलायला जातो आणि ती रिम खालच्या रिमला अडकते. दोन्ही मिळून अडून बसतात, किंवा वरच्याचं नाक खाली जातं. होतं काय, की बऱ्याच मॅगझिनांना बाजूला एक बटण असतं. ते अंगठ्याने तळापर्यंत खेचून धरतात आणि पाचही राऊंड एकदम आत सोडतात. आत भरपूर जागा मिळाली की राऊंड लोळतात, एखादा तिरका बसतो, रिमा मागेपुढे होतात. बटण फक्त एका राऊंडपुरतं खाली घ्या, राऊंड घाला, तो मागच्या भिंतीला टेकवा, मग पुढचा. पाच झाले की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटा. बाजूच्या खाचेतून बघा: पाचही गोळ्या एकाच कोनात, नाक किंचित वर. एकही वेगळी दिसली तर सगळे काढून पुन्हा भरा. यात काही कौशल्य नाही, फक्त घाई चालत नाही.

दारूगोळा

.२२ ची गोळी उघड्या शिशाची, मऊ, आणि वरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ लेप दिलेली. तिन्ही गोष्टी मुंबईच्या हवेला साजेशा नाहीत. डबा उन्हात उभ्या गाडीत राहिला तर लेप वितळून खाली जमतो आणि थंड झाल्यावर त्याचे गठ्ठे होतात. ते गठ्ठे पुढे चेंबरच्या तोंडाशी जमा होतात. भरताना प्रत्येक राऊंड बोटांत फिरवून बघा: नाक चेपलंय का, गोळी पुंगळीत हलतेय का, पितळेवर हिरवट डाग आहेत का. संशयास्पद वाटला तो बाजूला ठेवा. तो घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही, रेंजवर जमा करायचा. जमिनीवर पडलेला राऊंड उचलून भरू नका, वाळूचा एक कण चेंबरला पुरतो. आणि राऊंडला तेल लावून "सरकते" करायचा उपाय कोणी सांगितला तर हसून सोडून द्या.

ही पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात. बोल्ट कुठे कुलूपबंद होत नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा हिशोब. पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला मागे नेते, स्प्रिंग त्याला परत आणते आणि येताना तो नवा राऊंड उचलतो. म्हणून राऊंड अशक्त असेल तर बोल्ट अर्ध्यातूनच परत येतो, आणि दोष मॅगझिनचा वाटतो. उलट हाय-व्हेलॉसिटी (जास्त वेगाचे) राऊंड घातले तर बोल्ट मागे आपटतो आणि हळूहळू पिस्तूल खिळखिळं होतं. बनवणाऱ्याने पुस्तिकेत जो प्रकार सांगितलाय, बहुतेक वेळा स्टँडर्ड व्हेलॉसिटी, तोच वापरा. एकच ब्रँड असला तरी नवा लॉट आला की स्पर्धेआधी प्रत्येक मॅगझिनमधून तो चालवून बघा. अमक्याच्या पिस्तुलात जो राऊंड लोण्यासारखा चालतो तो तुमच्यात चालेलच असं नाही.

सफाई, आणि कमी तेल

इथे थोडा खर्च आहे: ब्रश, कापड, सॉल्व्हंट. बोल्टचा चेहरा, म्हणजे पुंगळीच्या बुडाला टेकतो तो भाग, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची फट, या दोन जागी काळा चिकटा साचतो. लाकडी टूथपिकने नखाखालचं खरवडून काढा. पहिल्यांदा करणाऱ्याला तिथून निघालेली वडी बघून धक्काच बसतो. सुई किंवा स्क्रूड्रायव्हर नको, तिथला पोलाद ओरखडला की काम वाढतं. चेंबरच्या पुढच्या टोकाला मेण, शिसं आणि जळकी दारू यांचं एक कडक कडं बनतं. बोल्ट शेवटचे दोन मिलिमीटर बंद होत नाही, तेव्हा मी पहिला संशय याच्यावर घेतो. सॉल्व्हंट लावून पाचदहा मिनिटं मुरू द्या, ब्रश फिरवा, कोरड्या कापडाने पुसा.

मॅगझिन खोलताना तळाच्या पट्टीवर अंगठा दाबून ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. स्प्रिंग उडते आणि लेनखाली जाते, मग सगळे गुडघ्यांवर. स्प्रिंगचा वरचा-खालचा कुठला टोक कुठे होता याचा मोबाइलवर फोटो काढा. आतून कोरड्या कापडाने पुसा. मॅगझिनच्या आत तेल नको. फॉलोअर बोटाने दाबून सोडा. तो वरपर्यंत सरळ, न अडखळता आला पाहिजे. अडखळला तर आत गंजाचा खडबडीतपणा किंवा चेपलेली भिंत शोधा.

तेलाबद्दल मुंबईकरांना वेगळं सांगावं लागतं. समुद्राच्या खाऱ्या हवेच्या भीतीने लोक पिस्तूल तेलात न्हाऊ घालतात. ते तेल मेणात आणि काजळीत मिसळून खळ होते, आणि बोल्ट सुस्तावतो. सरकणाऱ्या खाचांवर थेंब, पुसून जेवढं उरेल तेवढंच. गंज सोडवायच्या स्प्रेवर पिस्तूल चालवू नका, तो उडून गेला की मागे चिकट पापुद्रा राहतो. आणि खोबरेल तेल? हो, लावणारे आहेत. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं. एसी लावलेल्या खोलीत पिस्तूल ठेवलंत तर सकाळी बोल्ट हलवून बघा.

गंज टाळायचा उपाय तेल नव्हे, ठेवण्याची पद्धत आहे. केसमधला फोम ओल धरून ठेवतो. वरळीच्या रेंजवरून जुलैत घरी आलात की पिस्तूल बंद केसमध्ये तसंच टाकू नका. पुसा, पंख्याखाली कोरडं होऊ द्या, मग केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून कुलपात. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. मॅगझिनची स्प्रिंग सगळ्यांत आधी गंजते आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. सगळं झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते. वडापाव नंतर.

पैसे लागणारे भाग

मॅगझिन स्प्रिंग: कंपनीची नवी घ्या, जुनीशेजारी ठेवा. जुनी उघड आखूड दिसली तर बदला. जुनी ताणून लांब करणं हा तात्पुरता इलाज, दोन आठवड्यांत ती परत बसते. ओठ फाकले असतील तर पकडीने आवळू नका. पातळ पत्रा एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तडकतो, आणि दोन्ही ओठ सारखे कधीच होत नाहीत. ते मॅगझिन सरावातून बाद करा.

रिकॉइल स्प्रिंग आणि, ज्या पिस्तुलांत बोल्टमागे रबराचा किंवा प्लॅस्टिकचा बफर असतो तिथे तो बफर, हे झिजणारेच भाग आहेत. पुस्तिकेत बदलायचा काळ दिलेला असतो. बदल पुस्तिकेबरहुकूम आणि त्याच ताकदीचा. "थोडी कडक टाकून बघू" म्हणून कडक स्प्रिंग घातली की बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि नवा जॅम सुरू होतो. स्प्रिंग बदलूनही दोष तसाच राहिला तर तुमची हद्द संपली.

इथे थांबा

चेंबरची कड. रिमफायरमध्ये फायरिंग पिन पुंगळीच्या कडेवर मारते. पुस्तिका नाही म्हणत असताना रिकाम्या चेंबरवर ड्राय केलं, म्हणजे राऊंड न भरता ट्रिगर दाबला, तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडून धातू आत उठतो. मग राऊंड घुसत नाही किंवा पुंगळी निघत नाही. तपासायला सोपं: रिकाम्या, सुटं केलेल्या बॅरलच्या चेंबरच्या कडेवरून कापसाची काडी फिरवा. एकाच जागी धागे अडकले तर तिथे बोच आहे. इथवर तुम्ही बघू शकता. ती बोच काढायला कानस लावू नका. त्याला वेगळं हत्यार लागतं आणि एक फटका चुकला तर बॅरल गेली.

उतार पॉलिश करणं तर विसराच. इंटरनेटवर एमरी पेपर फिरवणारे भरपूर आहेत. कोन बदलला की तो परत येत नाही.

ट्रिगर एकदा दाबल्यावर दोन बार झाले, बोल्ट पुरता बंद नसताना बार उडाला, पुंगळी फुगलेली किंवा फाटलेली निघाली, एक्स्ट्रॅक्टरचं नख तुटलं, बोल्टवर किंवा फ्रेमवर तडा दिसला: यातलं काहीही झालं तर पिस्तूल रिकामं करा, फ्लॅग घाला आणि पुढचा राऊंडही भरू नका. "एक सिरीज बघतो" हेही नाही.

आर्मरर म्हणजे परवाना असलेला. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, आणि शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. साकीनाक्याच्या गाळ्यातला लेथवाला हजारात एक कारागीर असेल, पण त्याच्या टेबलावर तुमची बॅरल ठेवायची नाही. ती तुमचीही अडचण आणि त्याचीही. शोध आपल्या रायफल क्लबपासून सुरू करा, त्यांना माहीत असतं कोणाकडे द्यायचं. नेताना परवाना सोबत, पिस्तूल रिकामं, दारूगोळा वेगळा.

आणि नुसतं पिस्तूल नेऊन "अडकतंय" एवढंच सांगू नका. सगळी मॅगझिनं न्या, ज्याच्यावर नंबर आणि दोष आहे ते वेगळ्या पिशवीत. अडकलेले राऊंड आणि विचित्र दिसणाऱ्या पुंगळ्या न्या. राऊंडचा ब्रँड आणि लॉट, कितव्या राऊंडला अडकतं, नाक वर की खाली, शेवटची सफाई कधी, कुठला भाग बदलला, हे वहीतलं पान त्याच्यासमोर ठेवा. आर्मरर मग पहिल्यांदा विचारतो, "ड्राय किती करता?"